आधी हात चोळावेत

सकाळी भाकऱ्या थापत होते. नाक्यावरच्या दुकानदाराने निरोप धाडला, मुंबईहून ट्रंक कॉल होता... वन्सं गेल्या. झोपेतच गेल्या. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, "शांते, रड हवं तेवढं, पण आधी तवा उतरव गो!"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, डॉक्टर रत्नमाला. सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत. मेंदूवर औषध काय करतं, याचा त्यांनी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जन्मभर अभ्यास केला. दासगावच्या आमच्या बौद्धवाडीतून एवढी शिकलेली बाई तीच पहिली. शेजारीण विचारायची, "तुझी नणंद मुंबैत उंदीर पाळते म्हनं? आमच्या घरात फुकटचे हायेत की!" वन्सं पोट धरधरून हसायच्या. त्यांचं काम फेफऱ्याच्या औषधांवर. बाकीचे संशोधक पाहायचे, औषधाने उंदराचा झटका थांबला का. वन्सं त्यापुढचं पाहायच्या, आदल्या दिवशी शिकवलेली खाऊची वाट त्याला आठवते का. "झटका गेला आणि डोकंही पेंगलं, तर काय उपयोग?" आणि उंदराला हात लावण्याआधी त्या तळवे चोळून गरम करायच्या. गार हाताला उंदीर दचकतो आणि दचकलेला उंदीर खोटी साक्ष देतो, म्हणायच्या. नव्या विद्यार्थ्याला पहिला धडा तोच. पुढे ती सवयच जडली. कुणाच्या पाठीवरून हात फिरवायचा तरी आधी तळवे चोळणार. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात बुडवून आणल्यासारखे ऊन हात होते त्यांचे.

आमची लेक सुजाता तिसरीत होती, तेव्हा तिला फेफरं आलं. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. वन्संनी तिला मुंबईला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. गोळीने झटके थांबले, पण पोर दिवसभर पेंगायची. पाठ झालेले पाढे पार विसरली. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, "तिला घरीच ठेवा. झोपते ती झोपते, उद्या वर्गात पडली तर मी काय करू?" एकदा घरी बसलेली पोरगी पुन्हा शाळेत जाते होय?

वन्सं रजा टाकून आल्या. डॉक्टर गोळी बदलून द्यायला तयार होते, पण ती हळूहळू बदलायची, आणि मधल्या काळात झटका येऊ शकतो, हे वन्संनी गुरुजींपासून लपवलं नाही. म्हणाल्या, "गुरुजी, आता मी पडते. पोरं मला सांभाळतात का बघा, मग ठरवा." आणि काय सांगू, ही पांढऱ्या साडीतली एवढी मोठी बाई शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली अन् हातपाय झाडायला लागली! पोरं आधी फिदीफिदी हसली. पडल्यापडल्याच वन्संनी शिकवलं... आजूबाजूचं सामान सरकवा, डोक्याखाली मऊ काही द्या, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, थांबलं की कुशीवर वळवा. "आणि मला हात लावण्याआधी?" त्यांनी तळवे चोळून दाखवले, तसा सगळा वर्ग तळवे चोळायला लागला. बघते तर गुरुजीही चोळत होते.

"उद्यापासून पाठवा," एवढंच म्हणाले.

झटका एकदा आलाच, ऐन कवितेच्या तासाला. कुणी ओरडलं नाही. सुजाताने डोळे उघडले तेव्हा शेजारची पोरगी म्हणाली, "ऊठ गो, अजून एक कडवं ऱ्हायलंय." पुढे नवी गोळी लागू पडली. सुजाता जागी राहिली आणि शिकली.

पुण्यानुमोदनाला वन्संना आदरांजली वाहायला त्यांचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते. मेंदू जागा राहतो का, हे आधी तपासायची बाईंची रीत आम्ही सगळे पाळतो, असं एकजण बोलला. पुढचं शास्त्र मला अर्धंच कळलं, पण शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं.

सुजाता आता महाडला बालवाडीची बाई आहे. परवा तिच्याकडे गेले, तर एक नवं पोर दारातच लोळण घेऊन भोकाड पसरून बसलेलं. सुजाता त्याच्यापाशी खाली बसली. लगेच उचललं नाही. आधी तळवे चोळले... मी पाठमोरी चप्पल काढत होते. तो आवाज कानावर आला आणि तोंडातून निघून गेलं, "आलात, वन्सं?"