कुऱ्हाड आणि कानाचं मशीन

नांदेडच्या एका छोट्या संग्रहालयात मी दालनावर लक्ष ठेवायचं काम करते. माझा आवाज मोठा, म्हणून येणारे जाणारे मला खाष्ट समजतात. समजू देत. आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, ऐकू यायचं नाही. कानाला मशीन आलं ते उतारवयात; तोवर त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागलं. ते गेले, पण माझा आवाज काही खाली आला नाही. मुलगा पुण्याला. घरी आता ओरडायलाही कुणी नाही.

माझ्या दालनात हजारो वर्षांपूर्वीच्या एका कबरीतल्या वस्तू आहेत: मडकी, मणी, एक लोखंडी कुऱ्हाड. लोक आत येतात ते थेट हाडं शोधत. हाडं नाहीत म्हटलं की तोंड उतरतं. मग ठरलेला प्रश्न, सोनं नाही का सापडलं? पोरं काचेला नाक लावतात आणि माझं "हात लावू नका!" ऐकून अख्खं दालन दचकतं. एखादा हात जोडतो, मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहतो. फार वेळ कुणीच थांबत नाही.

परवा बिलोलीकडचं एक जोडपं आलं. नवरा कुऱ्हाड बघून हसायला लागला. "मेलेल्या माणसाला कुऱ्हाड कशाला? तिकडं कोणतं लाकूड फोडायचंय ह्येला?"

बायको म्हणाली, "असू द्या की. हयातभर जवळ होती, ती काढून कशी घ्यावी?"

ते पुढच्या दालनात गेले. मी स्टुलावर बसूनच राहिले.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मालकांनाही निलंग्याजवळच्या आमच्या शेतात तसंच बसवलं. हातात लिंग, कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं. त्याआधी भावकीतल्या एकानं त्यांच्या कानातलं मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. "महागाचं हाय वैनी, कुणाच्या तरी कामाला येईल."

तेव्हा मलाही ते पटलं. मशीन कपाटात गेलं. नंतर समाधीवर गेले की नारळ फोडायची, जरा बसायची आणि परत यायची. बोलावंसं फार वाटायचं. पण ऐकू न येणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

सुट्टीच्या दिवशी एसटीनं निलंगा गाठलं. मशीनमध्ये नवा सेल घातला होता, माझ्याच कानाला लावून चालू असल्याची खात्री केली होती. समाधीच्या कडेला खुरप्यानं उकरलं, मशीन ठेवलं, वर माती लोटली.

सवयीनं ओरडायला तोंड उघडलं आणि थांबले. आता ओरडायची गरज नव्हती.

"अहो," मी हळूच म्हटलं, "लई एकटी पडले बघा."