फटके माफ

रशियन पंचांगाप्रमाणे ९ नोव्हेंबर १८७९, शुक्रवार. सकाळी सव्वासहाला अव्देय खळ्यात ओटच्या पेंढ्या झोडपत होता. उजव्या हाताची दोन बोटं बाल्कनच्या खिंडीत राहिल्यामुळे सोटा तो डाव्या हातावर पेलत असे. वय चोवीस. संत जॉर्जचा क्रूस, म्हणजे शौर्याचं पदक, खुंटीवर, डगल्याला लावलेला. तुर्कांच्या गोळीबारात तो मागे गेला होता तो तुकडीची कढई आणायला. कढईपाशी जखमी कप्तान सापडला, म्हणून दोन्ही घेऊन आला. कागदावर फक्त कप्तान चढला.

क्रूसवाल्याला फटके मारता येत नाहीत, असा सरकारी नियम. तो गावाला कळायला महिनासुद्धा लागला नाही. जमीनदाराच्या कुरणातलं गवत, तळ्यातले मासे, एकदा तर कुणीतरी सासऱ्याला हासडलेल्या शिव्या, सगळं अव्देयच्या नावावर जाऊ लागलं. परगण्याच्या न्यायपंचायतीतले पंचही गावचेच. अव्देय कबूल होई, पंच हताश चेहरा करत, जमीनदाराच्या रखवालदाराला नाव मिळे आणि कुणाचीही पाठ सोलली जात नसे.

त्या सकाळी खळ्यात निकोन साव्हेलिच आला. परवा रविवारी अव्देयचं लग्न त्याच्या मुलीशी, उस्तिन्याशी ठरलं होतं, आणि काल निकोनच्याच अंगणात पेंढ्याखाली जमीनदाराच्या रानातला तोडलेला ओक सापडला होता. जावयाने लग्नाची भेट म्हणून आणून टाकला, असं सांगायचं त्याने योजलं होतं.

"ओक म्हणजे गवताचा भारा नव्हे, निकोन साव्हेलिच," अव्देय म्हणाला.

"तुझं काय जातंय? तुझ्या छातीवर क्रूस आहे. माझ्या छातीवर नुसते केस."

अव्देयने मान डोलावली. होणाऱ्या सासऱ्याला नाही म्हणायला वेगळं धैर्य लागतं. त्यासाठी पदक देत नाहीत.

त्याच दिवशी न्यायपंचायतीपुढे अव्देय नेहमीसारखा कबूल झाला. पंचायतीचा नवा कारकून मात्र त्याच आठवड्यात शहरातून आलेला. त्याने नियम शेवटपर्यंत वाचला, जे आजवर कुणी केलं नव्हतं. फटके माफ, कोठडी माफ नाही. सात दिवस, आजपासून.

रविवार हा नाताळाच्या उपासाआधीचा शेवटचा. तो हुकला की जानेवारीपर्यंत चर्चमध्ये लग्न लागत नाही. अव्देयने निकोनकडे पाहिलं. निकोनने हातातल्या टोपीकडे पाहिलं. तो एक वाक्य बोलता, तर त्याला वीस फटके आणि लेकीला नवरा मिळता. बाहेर पायरीवर मात्र त्याला वाचा फुटली. चोरीची शिक्षा झालेल्याला मुलगी कशी द्यायची, सोयरे काय म्हणतील, असं तो चारचौघांना विचारू लागला.

"चोराच्या घरात राहायची मला एकोणीस वर्षांची सवय आहे, बाबा," मागून उस्तिन्या म्हणाली. "जानेवारीपर्यंत आणखी राहीन. पुढचं घर मी ठरवलंय."

निकोनने लग्न मोडलं नाही. मोडलं असतं तर खरा चोर कोण, हेही सांगावं लागलं असतं. पाद्रीबाबांनी दुपारी नवी तारीख नोंदवून टाकली.

कोठडीचं दार सकाळी सातला उघडतं. कैद्याने आधी कचेरीचं अंगण झाडायचं. आठ ते सव्वाआठ घरच्यांना भाकरी देता येते, आणि उद्याच्या यादीत पहारेकऱ्याने उस्तिन्याचं नाव लिहून घेतलं आहे.