हळदीची फिल्म

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवायचं, तेही थेट एखाद्याच्या चेहऱ्यावर, आणि म्हणायचं, "आदी तोंड बग." ही त्याची सवय. बोटाला तेल असो की वड्याची चटणी, त्याला फिकीर नव्हती. माझ्या दुकानातले सगळे मॉनिटर त्याने असे बरबटवले. मी दर वेळी ओरडायचो आणि तो दर वेळी शर्टाच्या बाहीने पुसून आणखी घाण करून ठेवायचा.

तो आता नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो पाळणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि भांडायची सोयही त्याने ठेवलेली नाही.

डोंबिवली पूर्वेला माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. तो मानपाड्याच्या पलीकडच्या एका गावचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. भाऊबंदांनी जमिनी बिल्डरांना दिल्या आणि गाड्या घेतल्या, याने कॅमेरा घेतला. लग्नांची शूटिंग करायचा. त्या बाजूच्या एखाद्या लग्नाला तुमचं जाणं झालं असेल, तर तुम्ही त्याला नक्की पाहिलं असेल. पाहिलं नसेल ते फक्त पंगतीत, कारण जेवायला तो कधीच वेळेवर पोहोचला नाही.

त्याचं असं की, त्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. आदल्या रात्री अख्खं गाव नाचतं. ती हळद दुसऱ्या दिवशी मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायची, ही पद्धत यानेच पाडली. एका लग्नात हौसेने दाखवली आणि मग ती प्रत्येकाला हवी झाली. अक्षता पडल्या की माणसं जेवायला उठायचं सोडून पडद्याकडे खुर्च्या फिरवायला लागली. म्हणजे रात्री जे शूट केलं ते सकाळी कापायचं, जोडायचं आणि मग दाबायचं. दाबायचं हा त्याचा शब्द. कॅमेऱ्यातल्या फाइली इतक्या अवजड की तशाच्या तशा ना धड पडद्यावर चालतात, ना फोनवर जातात. त्या लहान कराव्या लागतात. ते काम प्रोसेसरचं, आणि याचा जुना प्रोसेसर ते करताना रडकुंडीला यायचा. खाली लग्न लागायचं आणि हा वरच्या खोलीत हिरवी पट्टी पुढे सरकायची वाट बघत बसायचा.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्याआधी त्याची बायको, आमच्या वहिनीच दुकानात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"भावजी, यांना असं मशीन द्या का पोरीच्या लग्नान ह्ये मांडवान दिसतील. बाकी मना काय नको."

मुलगी सोबत होती. कळव्याला नोकरी करायची, बोलायला चटपटीत. "काका, पप्पांनी माझं बारसंपण कॅमेऱ्यातूनच बघितलंय," ती म्हणाली. "दहावीच्या सत्काराला मी स्टेजवर, तर हे शूटिंग करत होते. लग्नात तरी नुसते उभे राहू देत ना समोर." तिचं मागणं एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. फोनमध्ये एका प्रोसेसरचा फोटो होता. "ठाण्याला बघून आयलो. भाचा बोलला, यो सगल्यात मोटा हाय."

माझं डोकंच फिरलं. गाडी घ्यायची तर सगळ्यांत उंच, कुत्रा पाळायचा तर सगळ्यांत धिप्पाड, आणि आता प्रोसेसरही तसाच. तो प्रोसेसर मोठा होता यात शंका नाही. पण काही प्रोसेसरांच्या पोटातच व्हिडिओ झपाट्याने लहान करणारा एक वेगळा भाग असतो, तो नेमका त्यात नव्हता. खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेली वस्तू ती. त्या दुकानदाराने याला रंगीत दिव्यांचे पंखे दाखवले, काचेची पेटी दाखवली, पण बाबा तुझं काम काय आहे, एवढं विचारण्याची तसदी घेतली नाही. असल्या दुकानदारांना भर चौकात उभं करून जाब विचारायला हवा. मी हे त्याला मोठ्याने सांगितलं, तर तो म्हणाला, "तू तापू नको, तुला जो बरा वाटल तो दे."

मग मी त्याला मधल्या ताकदीचा, पण तो भाग असलेला प्रोसेसर बसवून दिला. त्याच्याच एका जुन्या हळदीवर दुकानात बसून चालवून दाखवला. चहा सांगितला होता. चहा यायच्या आत फाइल तयार.

"बस? झाला?" त्याने विचारलं.

"झाला. आता मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला खाली उभा राहा."

त्याने फिल्म लावली, बोट पडद्यावर नेलं, आणि एकेका चेहऱ्यावर फिल्म थांबवत गेला. हा माणूस बोलत असला तर ठीक. गप्प बसला की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

काय शिजत होतं ते मला माहीत होतं. पूर्वी कल्याणच्या एका लग्नात त्याने घाईत दाबलेली फिल्म लावली होती. नवऱ्याची आजी कमरेवर हात ठेवून झकास नाचताना दिसली, पण चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. म्हातारी समोरच बसलेली. म्हणाली, "माजं तोंड कुनी पुसलं?" मांडव हसला. पुढे थोड्याच दिवसांत म्हातारी वारली आणि घरच्यांकडे तिचं चालतंबोलतं असं तेवढंच उरलं. याने सगळी कामं बाजूला ठेवून ती हळद पुन्हा दाबली, सावकाश, आणि स्वतः नेऊन दिली. म्हातारीचा मुलगा आईचा चेहरा बघून रडला, तसा हाही त्यांच्या ओटीवर बसून रडला. मला हे त्याने सांगितलं नाही, त्या घरच्यांनी सांगितलं. तेव्हापासून चेहरा हे त्याचं वेड झालं. ह्या वेडाबद्दल मला त्याचं कौतुक होतं. अजूनही आहे, आणि म्हणून तर जास्त संताप येतो.

लग्न भर मे महिन्यातलं. मी मांडवात पोहोचलो तेव्हा भटजी घड्याळ बघत होते आणि वहिनींचा चेहरा उतरला होता. "भावजी, वर जाऊन बगा ना जरा," त्या म्हणाल्या.

मी जिना चढून खोलीत गेलो. कॉम्प्युटरची पेटी सताड उघडी, त्यात टेबलफॅनचा झोत सोडलेला, प्रोसेसरवरचा पंखा कोकलतोय, आणि हा बनियनवर समोर बसलेला. नवा कोरा सदरा दाराच्या खिळ्याला टांगलेला. पडद्यावर हिरवी पट्टी, मुंगीच्या पावलांनी सरकणारी.

"कुठलं सेटिंग लावलंयस?"

"जुनाच. सावकाशवाला," तो म्हणाला. "सकाली तापून बंद परला, परत लावलाय."

म्हणजे तो वेगवान भाग, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो याने सरळ बंद करून ठेवला होता. सगळं काम पुन्हा त्या सावकाश पद्धतीवर टाकलं होतं, आणि तेही पूर्वीपेक्षा बारीक. मशीन वेगवान मिळालं, तर या बहाद्दराने वाचलेला वेळ घरात न नेता कामच वाढवलं. ही चूक मी त्याच्या धंद्यातल्या इतरांनाही करताना पाहिली आहे. पण स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी कुणी करेल असं वाटलं नव्हतं.

"का?" मी विचारलं. खरं तर ओरडलोच.

त्याने दोन चित्रं शेजारी लावली. मुलगी हळदीत न्हाऊन हसतेय. सावकाश दाबलेल्यात गाल स्वच्छ, त्या वेगवान भागाने दाबलेल्यात पिवळ्यावर पिवळे बारीक चौकोन. "बग. पोरीचा गाल हाय का लादी?"

"फोनवर गेली की फिल्मचा चेंदामेंदाच होणार आहे. कोण बघणार आहे एवढं?"

"पडद्याव दिसल ना."

"खाली मुहूर्ताची वेळ झालीय. ऊठ."

"दोन गानी रायलीत रे. येतो."

एकेक गाणं वेगळं दाबायचं, त्यातले चेहरे तपासायचे, मग सगळी जोडायची, अशी त्याची पद्धत. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, तू जा, मी बसतो इथे. चेहरे मी तपासतो, जोडतो, पेन ड्राइव्ह घेऊन येतो. हे काम मला येतं, तुला माहीत आहे.

त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तुला नाय जमनार. तुला तिचा चेरा म्हायती नाय."

त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. तिचा चेहरा त्या वेळी खाली होता. मुंडावळ्यांच्या आड, जिन्याच्या दिशेने वळलेला. मी तसं बोललो. त्याने मान हलवली, पटल्यासारखी, आणि पुढचं गाणं लावलं.

मी एकटाच खाली आलो. मुलीने मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. भटजींनी अजून थोडं थांबवलं. मग नवऱ्याकडचे कुजबुजायला लागले, तसा त्याचा मोठा भाऊ पुढे झाला आणि आपल्या बायकोसोबत कन्यादानाला बसला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. वहिनी रडत होत्या. येणारेजाणारे त्यांना म्हणत होते, आईचं काळीज, व्हायचंच असं. मला त्या सगळ्यांचा राग आला.

आणि मग तो आला. धावत, घामाघूम, सदऱ्याची बटणं खालीवर लावलेली, हातात पेन ड्राइव्ह. पडदा उजळला. लोकांनी खुर्च्या फिरवल्या, शिट्ट्या पडल्या. फिल्म सुंदर होती, हे मी मान्य करतो. एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या झगमगाटात एकेक चेहरा लख्ख दिसत होता, आणि मुलीचा तर हळदीचा कण न् कण. बायका डोळ्यांना पदर लावून बघत होत्या. नवरासुद्धा आपल्या बायकोला सोडून तिकडेच बघत होता.

तो पडद्याच्या अगदी पुढ्यात उभा होता, स्टेजकडे पाठ करून. स्टेजवर त्याची मुलगी उभी होती, डोक्यावर अक्षता तशाच. पडद्याकडे न बघणारी ती एकटीच. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, आणि तो मान वर करून, पडद्यावर हसणाऱ्या तिच्या गालावर कुठे एखादा चौकोन दिसतो का ते शोधत होता.