डावखुऱ्याचं बाक

माझा मामा डावखुरा. दाढी डाव्या हाताने, पत्ते पिसणं डाव्या हाताने, माशी मारायची तरी डाव्याच हाताने, आणि नेम कधी चुकायचा नाही. फक्त कारखान्यात तो उजव्या हाताने काम करायचा.

मामा फर्निचरच्या कारखान्यात सुतार होता. लांबलचक शेडमध्ये सुतारांची बाकं एकाला एक लागून मांडलेली. लाकूड घट्ट धरायचा शिकंजा प्रत्येक बाकाच्या डाव्या टोकाला, म्हणजे उजव्या हाताने रंधा मारणाऱ्याला सोयीचं. मामा नवीन लागला तेव्हा त्याचा रंधा सगळ्यांच्या उलट चालायचा आणि कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जायचं. तिथल्या मुख्य मिस्त्रीने त्याला बोलावून सांगितलं, "इथे डावं-उजवं केलं जात नाही. सगळ्यांनी उजवंच करायचं." आणि आपल्याच विनोदावर तो पोटभर हसला म्हणे. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा मला अजूनही राग येतो.

मामाने हात बदलला. पण हात काही बसला नाही. करवत रेघ सोडायची, खाच थोडी सैल व्हायची. मग खणांचं, सांध्यांचं नाजूक काम दुसऱ्यांकडे गेलं आणि मामाच्या वाट्याला खोकी ठोकणं आणि पॉलिश पेपर घासणं आलं. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक त्याच्यापुढे गेले. डावलणे हा शब्द मराठीत कुठून आला मला ठाऊक नाही, पण तो मामाला बघून काढला असेल तर मला नवल वाटणार नाही.

कधी तो म्हणायचा, "बाक माझ्या बाजूचं असतं तर..." की लगेच कोणीतरी ओरडायचं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मामा पण त्यांच्यात हसायचा. घरी येऊन आम्हाला तो किस्सा रंगवून सांगायचा. लहानपणी आम्हीही खूप हसायचो.

तो निवृत्त झाला त्यानंतरची गोष्ट. मला एक जुनं कपाट हवं होतं, म्हणून मी मामाला घेऊन जुन्या सामानाच्या दुकानात गेले होते. मी कपाटाची दारं उघडझाप करतेय आणि मामा गायब. शोधलं तर दुकानाच्या मागच्या अंगणात एका जाडजूड बाकावरच्या कुंड्या तो एकेक करून जमिनीवर उतरवत होता.

दुकानदार धावत आला. "काका, ते नका बघू. फार जुनं आहे, पण चुकून बनलंय. शिकंजा उलट्या टोकाला आहे. म्हणून तर कुंड्या ठेवल्यात."

मामा बाकापुढे उभा राहिला. शिकंजा उजव्या टोकाला होता. त्याच्याजवळची कड एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती, कोणाची तरी मांडी वर्षानुवर्षं तिथे टेकलेली. मामाची मांडी बरोबर तिथे टेकली.

"चुकलेलं नाही हो हे," तो म्हणाला. "हा बाबा डावखुरा होता."

त्याचा आवाज ऐकून मी कपाट विसरले. बाक आलं, कपाट राहिलं.

टेम्पोतून बाक उतरवताना मामी दारातच उभी होती. "बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. "कारखान्यात होतात तेव्हा नाही, आणि आता घरात बसून कोणाची खोकी ठोकणार?" पण बोलता बोलताच तिने मागच्या खोलीतलं शिलाई मशीन भिंतीकडे सरकवायला घेतलं होतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. वरच्या फळीवर कुंड्यांचे काळे गोल डाग, त्याखाली रंगाचे थर, त्याखाली तेलाचा चिकटा. मामाने सगळं खरवडून काढलं. लाकडात रुतलेले खिळे एकेक उपसले. एक पाय किडीने खालून पोखरला होता. तेवढा कापून त्याला नवीन लाकडाचा तुकडा असा जोडला की जोड बोटाला लागत नव्हता. शिकंज्याच्या लाकडी मळसूत्रात चिखल बसला होता, तो त्याने दात कोरावेत तसा कोरून काढला. शेवटी जवसाचं तेल पाजलं. खोलीत त्या तेलाचा आणि भुशाचा वास भरून राहिला. तो वास कुठेही आला की मला आजही मामाचं घर आठवतं आणि जीव हुरहुरतो.

बाक तयार झालं, तरी मामाचं काम संपेना. पुन्हा तेल. पुन्हा घासणं. मग म्हणे पाय किंचित हलतोय. मी कधीही गेले तरी मामा फडकं घेऊन बाक पुसतच असायचा. त्यावर एक साधी फळीसुद्धा त्याने कापली नव्हती.

"घाबरलेत गं ते," मामी मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली.

मला काही पोटात ठेवता येत नाही. मी सरळ जाऊन विचारलं, "मामा, तू घाबरलायस?"

तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "आजवर माझ्याकडे सांगायला एक कारण होतं. लोक हसले तरी मनात म्हणायचो, हसा, माझा हात बांधलाय. आता बाक माझ्या बाजूचं झालं. आता जर सांधा बसला नाही, तर मी साधाच सुतार होतो, बाई. मग अंगणाला तरी काय बोलणार?"

यावर उत्तर मामीला सुचलं. ती मशीनचा मोडका खण घेऊन आली आणि धाडकन बाकावर ठेवला. "हा असा नवीन करून द्या. नाही तर उद्यापासून मी इथे माझी धुण्याची बादली ठेवते."

मामाने आधी बादलीचा विचार केला असावा, कारण तो चटकन उठला.

मी त्या दिवशी तिथेच बसून राहिले. मामाने फळी शिकंज्यात धरली, डाव्या हातात करवत घेतली, आणि एकदा आमच्याकडे पाहून पाठ फिरवली. खणाच्या कोपऱ्याला दातांचा सांधा असतो. एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत जातात, खिळा मारावा लागत नाही. कारखान्यात हेच काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. करवत रेघेवरून जराही हलली नाही. पटाशीखालून पातळ कपच्या निघत गेल्या. इतके दिवस खरवडता खरवडता त्याचा हात तयार झाला होता, आणि हे मामीने आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

त्याने दोन्ही फळ्या एकमेकींवर टेकवल्या आणि हातोडीने हलकेच ठोकलं. सांधा बसला. मामाने त्यावर नख फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.

मी टाळ्या पिटल्या. "मामा, जमलं!"

मामा हसला नाही. तो जोडलेल्या फळ्या हातात धरून स्टुलावर बसला आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मला येत होतं," तो म्हणाला. "सगळी वर्षं, तिथे उभा होतो तेव्हा, मला येत होतं."

मी टाळीसाठी उचललेले हात तसेच मांडीवर ठेवले. मामी त्याच्याजवळ गेली आणि जराशा रागानेच म्हणाली, "होतं काय हो? येतं म्हणा. येतं."

मामाने मान हलवली. पण तो रडत होता तो त्या ‘होतं’साठीच, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.