सगळे म्हणाले पहिली

मानसशास्त्राचा तास. फळ्यावर तीन रेघा होत्या. बाजूला चौथी. तिच्याएवढी कुठली, एवढंच सांगायचं. सर बाकांवरून ओळीने विचारत येत होते.

"पहिली."

"पहिली."

माझ्या शेजारची वर्षा, मुलुंडच्या सोसायटीतली, कडक इस्त्रीची. तीही म्हणाली, "पहिली."

मला दुसरी दिसत होती. चक्क दुसरी. मनात आलं, डोळे गेले वाटतं. आता चष्मा. बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? उभी राहिले आणि म्हणाले, "पहिली."

वर्ग हशाने फुटला. बाकं बडवली. सरांनी मला आधी खडू आणायला पाठवलं होतं आणि तेवढ्यात सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. आणि मी वेडी, सरांनी मलाच निवडलं म्हणून मिरवत खडू आणायला गेलेली!

सर म्हणाले, "याला म्हणतात समूहाचा दबाव. हिलाच का घेतलं? ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या झोपडपट्टीत वाढली. दाटीत वाढलेल्याला 'मी' असा नसतोच. जडणघडणच तशी. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मीसुद्धा. स्वतःलाच. सुवाच्य अक्षरात.

घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो धडा नंतर आला. मला तो शिकवावा लागला नाही. सर नुसतं "उदाहरणार्थ" म्हणाले की वर्ग माझ्याकडे वळायचा आणि माझी मान आपोआप खाली जायची. मग बालविकास आला. "तुमच्याकडे खेळणी नसतील ना?" सर विचारायचे. मी मुंडी हलवायची. आई मणी ओवता ओवता कोकणातल्या भुतांच्या गोष्टी सांगायची, त्या ऐकून आम्हा भावंडांची गाळण उडायची. ते कुणी विचारलंच नाही.

तरी मला तोच विषय पुढे घ्यायचा होता. माणूस असा का वागतो, हे कळायचं वेडच लागलं होतं. पण त्यासाठी अर्जावर सरांची सही लागायची.

वर्ष संपता संपता दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक वर्ग बघायला येणार होते. सरांनी मला बाजूला घेतलं. "तोच रेघांचा प्रयोग दाखवू. तुला आता माहीत आहे, तरी तशीच चूक कर. जरा बुजल्यासारखी उभी राहा, मागच्यासारखी."

वर्षा म्हणाली, "कर ना गं यार. दोन मिनिटांचं काम. सही पक्की."

पाहुणे मागे बसले. पहिली, पहिली, पहिली. माझ्यापर्यंत आलं.

"दुसरी," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बघितलं, सर. मागच्या वेळीही दुसरीच होती."

कुणीतरी खोकलं. वीरश्री वगैरे काही नाही; बोलताना मला उचकी लागली. बंडखोराला उचकी! पण बोलले.

"मला कुणी पढवलं नव्हतं. मी फसले. हे सगळे तुम्ही सांगितलं म्हणून डोळ्यांदेखत खोटं बोलले. आजही बोलले. मग 'मी' कुणाला नाही, सर?"

पाहुणे पंख्याकडे बघू लागले. सर लालबुंद. "खाली बस. अशांना डोक्यावर बसवलं की हेच होतं. सही विसर."

मी बसले नाही. दप्तर उचललं आणि निघाले. माझ्यामागून कुणी आलं नाही. मी जिन्यात बसून होते; तिथे वर्षाने गाठलं खरं, पण तास संपल्यावर. "वाट लावलीस स्वतःची," म्हणाली. आणि हळूच, "रेघ दुसरीच होती गं."

"मग म्हणायचंस ना," मी म्हणाले.

घरी आईने बघताक्षणी ओळखलं. "काय झाला गो? तोंड कित्याक पाडलंस?"

सगळं सांगितलं. ती मणी ओवायची थांबली. "मगे? आता कॉलेज सोडतलंस?"

"नाही."

विषय तोच घेणार. सही नाही मिळाली तर प्राचार्यांच्या दारात बसणार. तिथूनही हाकललं तर दुसरं कॉलेज धरणार, वर्ष गेलं तर गेलं. आमच्याबद्दलची पुस्तकं आम्हाला न विचारता लिहिली जातात. ती सगळी वाचणार. आणि जिथे आमच्याबद्दल खोटं लिहिलंय, तिथे भर वर्गात उभी राहून 'हे खोटं' म्हणणार. एकटी असले तरी.