‘मे’चं अजून काय?
मेथी निवडताना बोटांना तिचा कडसर वास लागला, की मला हसनाबादची अंगणवाडी आठवते. तिथं मी सेविका होते. मेंढपाळाच्या घरची एक पोरगी रोज यायची, भिंतीला टेकून बसायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. एका सकाळी तिचे आजोबा दारात आले. “ही काई बोलंना बाई, इथं बसवून काय फायदा? रानात तरी येईल माझ्यासंगं,” ते म्हणाले. आमचा खेळ अर्ध्यात होता, म्हणून मी त्यांना जरा बसायला सांगितलं. खिचडीसाठी आणलेली मेथीची जुडी उचलून मी पोरांना विचारलं, “मेथी म्हणताना आधी काय ऐकू येतं?” पोरं ओरडली, “मे!” “मंग ‘मे’चं अजून काय?” कुणी मेहंदी म्हणालं, कुणी मेणबत्ती. तेवढ्यात भिंतीकडून बारीक आवाज आला, “मेंढी.” सगळे वळून बघायला लागले. एक पोरगा हसला, “मेंढी तर नुसती में में करती!” ती जराही न बिचकता म्हणाली, “मंग? तिला तिच्या नावातलं पहिलंच तेवढं येतं.” आजोबा मोठ्यानं हसले आणि काठी टेकत उठले. “राहू द्या बाई, उद्या जल्दी आणून सोडतो,” म्हणाले आणि एकटेच गेले. आता मी निवृत्त झालेय. नव्या सेविका विचारतात, गप्प पोरांचं काय करायचं? मी म्हणते, खेळ चालू ठेवा, ती ऐकून राह्यलेली असतात.