मुकादमाचं जेवण

काचवाल्यांच्या घरी पाहुणा आला की आधी कुठे बसायचं हे शोधत राहायचा. पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत माशाच्या टाकीने खाल्ली होती. टाकी काचवाल्यांनी स्वतः बांधलेली. जन्मभर लोकांच्या खिडक्यांच्या आणि आरशांच्या काचा कापल्या, तेव्हा घरच्या टाकीला बोटभर जाड काच लावली आणि सांधे असे भरले, की इतक्या वर्षांत थेंब गळला नाही. एवढ्या टाकीत मासा मात्र एकच. काळसर पाठ, पांढरं पोट, लाल शेपटी आणि ओठांवर लांब मिशा. दिवसभर तळाशी पडून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची, स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, म्हणून काचवाल्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं.

आणला तेव्हा तो करंगळीएवढा होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस पुढे हातभर लांब होणार आहे, हे विकणारा सांगत नाही. पहिल्या लहान टाकीतले रंगीत मासे एकेक करून नाहीसे झाले. बायकोला वाटलं मांजर शिरतं, म्हणून ती खिडकी लावून घेऊ लागली. शेवटी टाकीत मुकादम एकटाच उरला, तेव्हा चोर कोण ते कळलं.

"बोलूनचालून शिकारी मासा," काचवाले म्हणाले. "त्याचा काय दोष?"

मग मोठी टाकी झाली, त्याहून मोठी झाली. या शेवटच्या टाकीपायी बायकोचं शिवणयंत्र स्वयंपाकघरात गेलं. ती घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची, पँटी आखूड करायची, चेन बदलायची. तेव्हापासून तिच्या एका हाताला शेगडी आणि दुसऱ्या हाताला मशीन. मुकादमाला ती मनातल्या मनात सवत म्हणायची, आणि एकदा उघडच म्हणाली. काचवाले पोट धरून हसले होते.

मुकादमाला आठवड्यातून दोनदाच जेवण. अशा माशाला पोट भरलं हे कळत नाही, समोर येईल ते गिळत सुटतो, तेव्हा आवर घालायचा तो पाळणाऱ्याने. काचवाल्यांच्या नेमात कधी फरक पडला नाही. लांब चिमट्यात मासळीचा तुकडा धरायचा, "या मुकादम" म्हणायचं आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. मासा सावकाश उठायचा, तुकडा ओढायचा, आणि खाऊन झालं तरी हातापाशी घुटमळायचा, मिशा मनगटाला लावायचा. दुसऱ्या कुणी हात घातला तर ढिम्म हलायचा नाही. याचा काचवाल्यांना भारी अभिमान.

आजार आला तो आधी दुकानात आला. एका गिऱ्हाइकाचा आरसा त्यांनी मापापेक्षा वीतभर आखूड कापला. असतं, माणसाचा हात चुकतो. पण बदलून दिला तोही तेवढाच आखूड, आणि वर काचवाले गिऱ्हाइकाशीच भांडले, की तुमची भिंत मोठी आहे. हळूहळू दुकान पुतण्याने हातात घेतलं. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, ते बायको घरात तोंडातून काढत नसे. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा फोन आला, की काचवाले तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत. कधी बायकोकडेही परक्यासारखे बघत, आणि मग ओशाळून चहा मागत. पण टाकीसमोर उभे राहिले की तेच जुने काचवाले. "या मुकादम" म्हणत आणि मासा येई. तेवढा वेळ बायकोला तिचा नवरा परत मिळे.

मग टाकीचं पाणी गढूळ व्हायला लागलं. उपसून नवं भरलं तरी पुन्हा गढूळ, वर घाण वास. मुकादमाचं पोट टम्म फुगलं आणि तळाशी अर्धवट पचलेले, ओकलेले तुकडे दिसू लागले. बायकोने मासे विकणाऱ्या दुकानदाराला बोलावून घेतलं.

"खायला किती घालता?" त्याने विचारलं.

"आठवड्यातून दोनदा."

"कोण घालतं?"

तिची नजर टाकीशेजारी खिळ्याला अडकवलेल्या चिमट्याकडे गेली. गेले कित्येक दिवस चिमटा सदा ओला असायचा. फ्रीझरमधले तुकडे लवकर संपत होते, म्हणून तिने मासळीवालीशी भांडण काढलं होतं, की तू वजनात मारतेस. आत काचवाले पलंगावर बसून वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते.

दुकानदार काय ते समजला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, थोडे दिवस उपाशी ठेवा, पोट उतरेल. पण परत असं झालं तर माझ्या हातात काही नाही. अति तिथे माती."

तिने तुकडे शेजारणीच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवले. काचवाले तासातासाला फ्रिज उघडत, भांडी उचकत, आणि ती "दिलंय हो त्याला" म्हणाली की तिच्यावर धावून येत.

"मुक्या जिवाला उपाशी मारतेस?" ते ओरडले. "कसली बाई आहेस तू?"

जन्मात या माणसाने तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तिने तुकडे बारीक करून दिले, तर ते म्हणाले, "एवढ्याने त्याचं काय होणार?" आणि पुन्हा हात पुढे केला. तेव्हा तिला युक्ती सुचली. ते मागायला आले की ती रिकामा चिमटा त्यांच्या हातात द्यायची. "धरा, लावलाय तुकडा." काचवाल्यांचे डोळे चिमट्यावर कधी नसायचेच, ते माशावर असायचे. मुकादम वर यायचा, चिमट्याला तोंड लावायचा, परत जायचा. "खाल्लं," काचवाले म्हणायचे आणि शांत व्हायचे. खरं जेवण ती ठरल्या दिवशी घालायची, ते आंघोळीला गेले की. सुरुवातीला मुकादम तिच्या हातावर यायला तयार नव्हता, पण भूक कुणाला बांधलेली नसते. पाणी निवळलं, पोट उतरलं. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, अशी तोड आपल्याला सापडली, म्हणून ती मनातून खूशही झाली.

माणूस विसरतो तसा मासा शिकतो, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

एका सकाळी काचवाले पाण्यात हात घालून कितीतरी वेळ उभे होते. "या मुकादम. या." मासा तळाशीच. ती मशीनवरून उठून दारात आली, आणि ती दिसताच मुकादम वळला, तिच्या बाजूच्या काचेशी येऊन वरखाली करू लागला. काचवाल्यांनी माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुमचा आहे का हा?" त्यांनी अदबीने विचारलं. "छान आहे. माझ्याकडेही असाच एक होता."

त्यांनी हात पुसला, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि बसले.

त्यानंतर ते टाकीकडे गेले नाहीत. चिमटा मागितला नाही, फ्रिज उघडला नाही, ओरडले तर नाहीच. घर कसं शांत झालं, आणि ती शांतता तिला सोसवेना. त्यांना न चुकता ओळखणारा जगात एकच जीव राहिला होता, आणि त्याला तिने आपल्या हाताने विसरायला लावलं होतं. मुलीचा फोन आला.

"आई, मासा जगला ना? मग झालं तर."

"हो," ती म्हणाली, "मासा जगला."

दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडे तुकडे आणायला गेली.

"आज त्याचा वार नाही ना?" शेजारणीने विचारलं.

"आता सगळेच वार त्याचे," ती म्हणाली.

चिमट्यात चांगला मोठा तुकडा लावून तिने काचवाल्यांना हाताला धरून उठवलं. "दुसऱ्यांच्या माशाला आपण कशाला?" म्हणत ते मागे सरत होते. तिने त्यांचा हात धरून पाण्यात नेला. मुकादम आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मग तिने आपल्या हाताने घालणं बंद केलं आणि त्यांच्या हातात चिमटा दिला, की स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसू लागली, माशाला दिसणार नाही अशी. मशीन समोर असून पाय चालायचा नाही. उपाशी मासा आणि हिरमुसलेला माणूस, दोघांचंही पाप आपल्याच माथी, असं तिला वाटायचं.

असे काही दिवस गेले. मग एकदा पुढच्या खोलीतून पाणी उसळल्याचा आवाज आला.

"या, या मुकादम. कुठे होता इतके दिवस?"

ती दारापर्यंत गेली. तुकडा गेलेला होता, आणि मासा मिशा मनगटाला लावून तिथेच घुटमळत होता. काचवाल्यांनी मान वळवली.

"अगं, बघ. ओळखलं त्याने."

अगं म्हणाले होते. तिने नुसत्या मनगटाने डोळे पुसले आणि "हो, ओळखलं" एवढंच म्हणाली. त्यांनी चिमटा खिळ्याला अडकवला, खुर्ची टाकीकडे फिरवून घेतली आणि तृप्त होऊन बसले. ती परत मशीनपाशी गेली. एक शिवण पुरी व्हायच्या आत हाक आली.

"अगं, मुकादमाला जेवायला दिलं का आज?"

दारातून दिसणाऱ्या खिळ्यावरच्या चिमट्यातून अजून पाणी ठिबकत होतं. दुकानदार काय म्हणाला होता, ते ती विसरली नव्हती. या घरात विसरणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली, आणि तुकडा आणायला उठली.